उसन्या नावाची तेलं

आमच्या मागच्या दारी, मोरीचं पाणी जिथे जायचं तिथे, गवती चहाचा एक ठोंब होता. पावसाळ्यात रोज सकाळी दोन पाती कापून आणायचं काम माझ्याकडे असायचं, आणि पातीच्या कडेनं बोट चिरलं नाही असा आठवडा जात नसे. आई पातीची गाठ मारून ती आधणात टाकायची आणि लगेच वर झाकण ठेवायची. एकदा पाहुणी आलेल्या मावशीनं पातेलं उघडंच ठेवून दहा मिनिटं खळखळ उकळलं. घरभर वास सुटला. आई म्हणाली, "अगं ताई, वास सगळा घराला पाजलास, आता कपात काय राहिलं?"

आईचं म्हणणं किती बरोबर होतं ते मला कॉलेजात कळलं. झाकणाच्या आतल्या बाजूला जमलेले थेंब बोटावर घेऊन हुंगून पाहा, चहापेक्षा तिथे वास जास्त असतो. खाली उकळतं पाणी, वर थंड झाकण, आणि वाफेचा परत झालेला थेंब. गवताच्या तेलाची भट्टी याच तत्त्वावर चालते. टाकीत गवत पायांनी दाबदाबून भरतात, खालून वाफ सोडतात, वरून निघणारी वाफ थंड पाण्याच्या हौदातल्या नळीतून फिरवतात, आणि शेवटी भांड्यात पाणी खाली आणि पिवळसर तेल वर असे दोन थर मिळतात. गवती चहाच्या वासाचं मुख्य द्रव्य म्हणजे सिट्राल. ते एकटं तापवलं तर २२९ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं. मग शंभर अंशांच्या वाफेबरोबर ते बाहेर कसं येतं? पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे दोघांचे बाष्पदाब एकमेकांत मिळवले जातात आणि त्यांची बेरीज हवेच्या दाबाइतकी व्हायला शंभरपेक्षा थोडं कमीच तापमान पुरतं. जळून जाईल असं नाजूक द्रव्य पाण्याच्या खांद्यावर बसून भट्टीबाहेर पडतं. शंभर किलो ओल्या गवतातून तेल निघतं ते ३०० ते ५०० ग्रॅम.

सुगंधी गवतांची मंडळी तशी थोडीच. गवती चहा, रोशा, सिट्रोनेला आणि ज्वरांकुश ही सिंबोपोगॉन या प्रजातीतली. वाळा वेगळ्या प्रजातीतला, आणि त्याचं तेल पानात नसून मुळात. या नावांचा पूर्वी इतका गोंधळ होता की एकाच गवताला बाजारात चार नावं आणि एकाच नावाखाली चार गवतं असत. लंडनजवळच्या क्यू उद्यानातल्या ओटो स्टाप्फ यांनी १९०६ मध्ये भारत आणि सिलोनमधल्या तेलगवतांवर एक मोठा लेख लिहून हा गुंता बऱ्यापैकी सोडवला.

बाजारातला गोंधळ मात्र निव्वळ अज्ञानातून आला नव्हता, त्यात सोयही होती. या तेलांचा इतिहास वाचताना मला पुन्हा पुन्हा एकच गोष्ट दिसते: ही तेलं सहसा स्वतःच्या नावानं विकली गेली नाहीत. कधी गुलाबाच्या, कधी जिरेनियमच्या, कधी लिंबाच्या, तर कधी व्हायोलेट फुलाच्या नावानं ती जगभर फिरली. हे का शक्य झालं ते त्यांच्या रसायनशास्त्रात आहे, आणि आज त्यांचा भाव का गडगडतो तेही तिथेच आहे.

आधी खानदेशात जाऊ. सातपुड्याच्या उतारांवर आणि साक्री-नंदुरबारकडच्या माळांवर रोशा उगवतो. विदर्भात, मेळघाटाकडे, त्याला तिखाडी म्हणतात. संस्कृत ग्रंथांतलं रोहिष ते हेच, आणि त्याच्या तेलाला आपल्याकडे रोशेल हे सुटसुटीत नाव आहे. एकोणिसाव्या शतकातल्या नोंदींनुसार या तेलाच्या भट्ट्यांचं मूळ ठिकाण पिंपळनेर. जवळपासचं गवत संपत आलं तशा भट्ट्या नंदुरबार, शहादा, तळोदा इकडे सरकल्या. गवत फुलोऱ्यावर आलं की, म्हणजे पावसाळा सरताना, काम सुरू होई, कारण तेल मुख्यतः फुलोऱ्यात असतं. तयार तेल चामड्याच्या बुधल्यांत भरून बैलांच्या पाठीवर लादायचे. एक वाट कोंडाईबारी घाटातून सुरतेला जायची, दुसरी धुळे-मनमाडवरून मुंबईला.

मुंबईहून हे तेल तांबड्या समुद्रातल्या बंदरांमार्गे अरबस्तानात आणि पुढे तुर्कस्तानात जाई. कॉन्स्टँटिनोपलमधले व्यापारी त्याला लिंबाच्या रसाच्या पाण्यात घुसळत आणि उन्हात ठेवत, म्हणजे रंग फिकट पडे आणि उग्रपणा जाई. मग ते कझानलकच्या गुलाबाच्या मळ्यांत पोचायचं. कझानलक आज बल्गेरियात आहे, तेव्हा ते तुर्की साम्राज्यात होतं. तिथे भट्टीत घालण्याआधी गुलाबाच्या पाकळ्यांवर हे तेल शिंपडत, किंवा तयार अत्तरातच ओतत. युरोपातली सरदार घराण्यातली बाई रुमालाला गुलाबाचं अत्तर लावायची तेव्हा त्यात पिंपळनेरचं गवत किती होतं, हे तिला सांगणारं कोणी नव्हतं.

ही लबाडी खपली कारण ती अर्धी खरी होती. रोशाच्या तेलात ७५ ते ९० टक्क्यांपर्यंत जिरेनिऑल नावाचं अल्कोहोल असतं, आणि जिरेनिऑल खऱ्या गुलाबातही भरपूर असतं. युरोपी बाजारात या तेलाला भारतीय किंवा तुर्की जिरेनियम म्हणत, कारण जिरेनियमचा वासही याच जातीचा. १८७१ मध्ये ऑस्कर याकोबसन या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं या 'भारतीय जिरेनियम' तेलातून मुख्य द्रव्य वेगळं काढलं आणि त्याचं नाव ठेवलं जिरेनिऑल. म्हणजे आज जगातल्या प्रत्येक सेंद्रिय रसायनशास्त्राच्या पुस्तकात असलेलं हे नाव आपल्या गवताच्या खोट्या व्यापारी नावावरून पडलेलं आहे. नावं ठेवायची वेळ आपल्यावर आली असती तर त्याला रोशेनॉल म्हणता आलं असतं. शास्त्रीय नावातही गवताला स्वतःचं काही मिळालेलं नाही. त्याच्या नावातलं 'मार्टिनाय' आहे ते जनरल क्लॉड मार्टिनवरून. त्यानं टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेत बालाघाटच्या डोंगराळ मुलखातून या गवताचं बी गोळा केलं होतं. लखनौची ला मार्टिनिअर शाळा ज्याच्या मृत्युपत्रातून उभी राहिली तोच हा.

मग खरा गुलाब आणि रोशा यांत फरक काय राहिला? फरक आहे तो अगदी थोड्याशा द्रव्यांचा. गुलाबाच्या तेलात बीटा-डॅमासेनोन नावाचं द्रव्य एक टक्क्याच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी असतं, पण नाकाला गुलाब ओळखू येतो तो बराचसा त्यामुळे. रोशात जिरेनिऑलची रास आहे, ही चिमूट नाही. शिवाय रोशातही दोन भाऊ आहेत, मोतिया आणि सोफिया. दिसायला इतके सारखे की पुस्तकं त्यांना एकाच जातीचे दोन प्रकार मानतात. मोतिया उघड्या, कोरड्या उतारावरचा, त्याचं तेल गुलाबी वासाचं. सोफिया ओलसर, सखल जागेतला, त्याच्या तेलात जिरेनिऑल कमी, लिमोनिन आणि पेरिलिल अल्कोहोल अशी मंडळी जास्त, आणि भाव बराच खाली. मोतिया म्हणून सोफियाचं बी पदरात पडलं तर शेतकऱ्याला ते पहिल्या भट्टीपर्यंत कळत नाही.

रसायनशास्त्राच्या खोलात फार शिरणार नाही, पण एवढं पाहायलाच हवं. ही सगळी द्रव्यं पाच-पाच कार्बनच्या तुकड्यांतून वनस्पती बांधते. असे दोन तुकडे जोडले की दहा कार्बनची साखळी होते. त्या साखळीच्या टोकाशी अल्कोहोल असेल तर जिरेनिऑल, वास गुलाबाचा. त्यातले दोन हायड्रोजन काढून टाकले की होतो सिट्राल, वास लिंबाचा. जिरेनिऑलमधल्या हायड्रोजनची संख्या तेवढीच ठेवून मांडणी बदलली तर सिट्रोनेलाल, म्हणजे डास पळवणाऱ्या उदबत्तीचा वास. दोन हायड्रोजन इकडेतिकडे झाले की गुलाबाचं लिंबू होतं. म्हणून यांतल्या कोणालाही थोडं वळवलं की दुसऱ्याच्या घरात नेऊन बसवता येतं.

हे वळवण्याचं सर्वांत मोठं उदाहरण गवती चहाचं. चहात घालतो ते आणि केरळात तेलासाठी लावतात ते यांच्या जाती वेगळ्या. पहिल्याला सहसा फुलं येत नाहीत, आणि त्याच्या तेलात मायर्सिन जास्त असल्यानं ते तेल ठेवून दिलं की अल्कोहोलमध्ये नीट विरघळत नाही. दुसरं ते मलबारी किंवा कोचीन गवत. त्याच्या तेलात ७० ते ८५ टक्के सिट्राल, म्हणून व्यापारात मान त्याला. एर्नाकुलम जिल्ह्यातल्या ओडक्कली इथे १९५१ पासून या गवतासाठी संशोधन केंद्र आहे.

१८९३ मध्ये बर्लिनमधले फर्डिनांड टीमान आणि पाउल क्रुगर आयरिसच्या कंदाचा वास प्रयोगशाळेत बनवायच्या खटपटीत होते. सिट्राल आणि अॅसिटोन यांचा अल्कलीत संयोग करून त्यांनी एक मधलं द्रव्य मिळवलं, आणि त्याच्यावर आम्लाची क्रिया केल्यावर हाती आला आयोनोन. त्याला वास व्हायोलेटच्या फुलांचा. व्हायोलेटचं नैसर्गिक अत्तर तेव्हा सोन्याच्या भावात होतं, आणि बघता बघता ते गवतातून निघायला लागलं. पुढे १९४७ मध्ये ओटो इस्लर यांनी स्वित्झर्लंडच्या हॉफमन-ला रोश कंपनीत बीटा-आयोनोनपासून अ जीवनसत्त्व बनवायची कारखान्यात चालेल अशी पद्धत बसवली. गाजरात जे आपण शोधतो ते मलबारच्या डोंगरातल्या गवतातून बाटलीत जाऊ लागलं. केरळातल्या भट्ट्यांना एवढं मोठं गिऱ्हाईक पूर्वी कधी मिळालं नव्हतं.

आणि मग ते गिऱ्हाईक गेलं. रसायनशास्त्रानं गवताला जे दिलं ते रसायनशास्त्रानंच काढून घेतलं, कारण कारखान्याला गवत नको होतं, दहा कार्बनची ती साखळी हवी होती. आयसोब्युटिन आणि फॉर्माल्डिहाइड या स्वस्त रसायनांपासून सिट्राल बनवता येतो. जर्मनीतल्या लुडविग्सहाफेन इथल्या बीएएसएफ या कंपनीच्या कारखान्याची क्षमता २००४ मध्ये वर्षाला ४०,००० टनांवर गेली. मी एकदा पाकिटाच्या मागे हिशोब मांडला: एवढा सिट्राल गवतातून काढायचा तर सव्वा कोटी टनांहून जास्त ओलं गवत कापावं लागेल. त्या एका द्रव्यापासून जिरेनिऑल होतो, सिट्रोनेलाल होतो, आयोनोन होतो, अ आणि ई जीवनसत्त्वं होतात, मेंथॉलसुद्धा होतो. जुलै २०२४ मध्ये त्या संकुलात स्फोट होऊन आग लागली, तेव्हा कंपनीनं जीवनसत्त्वांचा आणि सुगंधी द्रव्यांचा पुरवठा थांबवल्याचं जाहीर केलं आणि जगभरच्या पशुखाद्याच्या बाजारात धावपळ उडाली. गवताच्या तेलाचा भाव कुठे ठरतो ते यावरून समजावं. शिवाय नैसर्गिकच हवं म्हणणाऱ्यांनाही चीनमधलं लित्सिया क्युबेबा हे झाड आहे. त्याच्या फळांच्या तेलात गवताइतकाच सिट्राल असतो.

मग नैसर्गिक आणि कारखान्यातला सिट्राल वेगळे ओळखता येतात का? वासानं नाही, साध्या रासायनिक परीक्षेनंही नाही. पण इथे एक सुंदर युक्ती आहे. खनिज तेलातून आलेल्या कार्बनमध्ये किरणोत्सारी कार्बन-१४ उरलेला नसतो, ताज्या वनस्पतीत असतो, त्यामुळे कारखान्याचा माल पकडता येतो. त्याहून मजेची गोष्ट अशी की ही गवतं ज्वारी आणि ऊस यांच्या पद्धतीनं प्रकाशसंश्लेषण करतात, आणि लिंबू, लित्सिया वेगळ्या पद्धतीनं. त्यामुळे दोघांच्या सिट्रालमध्ये कार्बन-१३ चं प्रमाण निरनिराळं असतं. लिंबाच्या तेलात गवताचा सिट्राल मिसळून ते महाग विकायची जुनी चाल या मोजणीत उघडी पडते. शंभर वर्षं दुसऱ्याच्या नावानं वावरलेल्या गवताचं खरं नाव त्याच्या कार्बनमध्ये लिहिलेलं होतं.

सिट्रोनेलाची कथा थोडक्यात. जावा प्रकारात सिट्रोनेलाल ३० ते ४५ टक्के, सिलोन प्रकारात फार कमी. आपल्याकडे लागवड मुख्यतः आसाम आणि ईशान्येत. साबण, फिनाइल, मेणबत्त्या यांत हे तेल जातं, आणि लोक ते ओळखतात डासांवरून. ते डास पळवतं हे खरं आहे. प्रश्न किती वेळ हा आहे. २००२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये मार्क फ्रॅडिन आणि जोनाथन डे यांची चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात डीट या प्रचलित डासरोधक रसायनाचं प्रमाण सुमारे २४ टक्के असलेलं उत्पादन सरासरी ३०० मिनिटं टिकलं, सिट्रोनेलाची उत्पादनं वीस मिनिटांच्या आत संपली. वास येतो म्हणजेच द्रव्य उडून जातंय, आणि उडून गेलं की संरक्षणही गेलं. गंमत म्हणजे सिट्रोनेलालची साखळी आम्लानं वळवून तिची कडी केली की पीएमडी नावाचं कमी उडणारं द्रव्य होतं आणि ते डासांना तासन्‌तास दूर ठेवतं. ते विकलं जातं निलगिरीच्या एका जातीच्या नावानं. गवताच्या नशिबी इथेही श्रेय नाही.

मधमाश्यांचा व्यवहार मात्र चोख आहे. कामकरी माशी आपल्या सोबतिणींना 'इकडे या' म्हणून जो गंध सोडते त्यात जिरेनिऑल आणि सिट्राल दोन्ही असतात. म्हणून रिकाम्या पेटीत गवती चहाच्या तेलाचे दोन थेंब लावले की घर शोधत निघालेला थवा तिकडे वळण्याची शक्यता वाढते. मधपाळ हे करतात. तेलाच्या बाटलीवर एवढा उपयोग छापला असता तरी मी खूश झालो असतो. त्याऐवजी तिथे ताण, कोंडा, सांधे, पचन, निद्रानाश अशी लांबलचक यादी असते. काचेच्या बशीत ही तेलं बुरशी आणि जिवाणू मारतात, हे शेकडो प्रयोगांत दिसलेलं आहे. बशीतली बुरशी आणि माणसाच्या डोक्यातला कोंडा यांत मात्र बरंच अंतर आहे, आणि त्यावरच्या माणसांवरच्या चाचण्या थोड्या आणि लहान आहेत. उलट सिट्राल, जिरेनिऑल, सिट्रोनेलॉल यांची त्वचेला ॲलर्जी होऊ शकते हे पक्कं माहीत आहे. युरोपात अंगाला लावून ठेवायच्या क्रीममध्ये यांचं प्रमाण ०.००१ टक्क्याच्या वर गेलं की नाव वेष्टणावर लिहावं लागतं. नैसर्गिक तेल म्हणून ते निखळ अंगाला चोळणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं.

कमी पाण्याच्या भागातल्या शेतकऱ्यांना हल्ली गवती चहाची शेती करा म्हणून सांगणारे पुष्कळ भेटतात. लखनौच्या सीमॅप या संस्थेनं चांगले वाण दिले आहेत, गुरं या गवताला सहसा तोंड लावत नाहीत, आणि एकदा लावलं की काही वर्षं कापणी चालते. हे सगळं खरं. पण भट्टी किती लांब आहे, आणि तेल कोण घेणार, हे दोन प्रश्न आधी विचारावेत. टनभर गवतात चार-पाच किलो तेल, बाकी पाणी आणि चोथा. तो ट्रॅक्टरनं लांब नेण्यात फायदा उडून जातो. तेलात पाणी राहिलं किंवा डबा अर्धा रिकामा राहिला तर सिट्राल हवेनं खराब होतो आणि प्रत उतरते. आणि भाव, वर सांगितलं तसं, तुमच्या तालुक्यात ठरत नाही.

राहता राहिला वाळा. यानं मात्र कधी दुसऱ्याचं नाव घेतलं नाही. युरोपी भाषांतला 'व्हेटिव्हर' हा शब्द तमिळ 'वेट्टिवेर' वरून गेला, खणून काढलेलं मूळ या अर्थी. 'शाकुंतला'त तापलेल्या शकुंतलेच्या अंगाला लावतात तो उशीराचा लेप, म्हणजे वाळाच. याचं रसायन वेगळ्या जातीचं आहे. पाच कार्बनचे तीन तुकडे, म्हणजे पंधरा कार्बन, आणि तेही एकमेकांत गुंतलेल्या कड्यांच्या रूपात. खुसिमॉल, आल्फा आणि बीटा व्हेटिव्होन अशी शंभराहून अधिक द्रव्यं एका तेलात. ती जड असतात, हळू उडतात, म्हणून भट्टी दिवसदिवसभर चालते. तेलाची घनता जवळजवळ पाण्याइतकी असल्यानं ते पाण्यापासून सहज सुटतही नाही. कनौजात तांब्याच्या डेगेत काढलेलं रूह खस, म्हणजे वाळ्याचं तेल, हिरवट असतं, कारण तेलातली आम्लं तांब्याशी संयोग पावतात. बाजारातल्या खस सरबताचा पोपटी रंग कुठून येतो ते मी सांगत नाही.

त्या शंभर द्रव्यांतलं नेमकं कोणतं नाकाला वाळा म्हणून कळतं, यावर बरीच वर्षं वाद होता. २०२१ मध्ये बेन्यामिन लिस्ट आणि फिलिप क्राफ्ट यांच्या गटानं प्रयोगशाळेत अकरा पायऱ्यांनी एक रेणू बनवून दाखवलं की वासाचा गाभा तेलात अत्यल्प असलेल्या एका कीटोनमध्ये आहे. गुलाबासारखंच, रास वेगळ्याची आणि वास चिमटीचा. पण अकरा पायऱ्यांचा रेणू टनावारी करणं परवडत नाही, आणि नुसत्या त्या एका रेणूनं अत्तर होत नाही. म्हणून वाळ्याच्या तेलाला आजवर कारखान्याचा पर्याय मिळालेला नाही. हैतीतले शेतकरी आजही डोंगरउतारावर ते मूळ खणतात आणि पॅरिसचे अत्तरवाले ते घेतात.

अडचण खणण्याची आहे. वाळ्याची मुळं सरळ खोल जातात आणि माती धरून ठेवतात. म्हैसूरकडे गुंडलुपेट भागातले शेतकरी बांधावर वाळ्याची रांग पिढ्यानपिढ्या लावत आले. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या जॉन ग्रीनफील्ड आणि रिचर्ड ग्रिमशॉ यांनी मातीची धूप थांबवायला ही रांग भारतात आणि मग जगभर नेली. तेलासाठी तेच मूळ पंधरा-अठरा महिन्यांनी उपटायचं, म्हणजे उतारावरची माती सैल करून पहिल्या पावसाच्या हवाली करायची. सपाट, वालुकामय जमिनीत किंवा नदीकाठच्या वाळूत लावलं तर खणणं सोपं आणि नुकसान कमी. उतारावर मात्र एकतर बांध घ्यावा, नाहीतर तेल.

आमच्या माठात उन्हाळ्यात वाळ्याची जुडी असते. चार-पाच दिवसांनी वास मंदावला की आई ती काढून पिळायची आणि गच्चीवर कडक उन्हात वाळवायची. दुसऱ्या दिवशी माठात टाकली की वास परत. पंधरा कार्बनचं ओझं इतक्या लवकर उडत नाही. मार्चच्या शेवटी आणलेली जुडी मृगाच्या पहिल्या पावसापर्यंत पुरते. तोवर मागच्या दारच्या गवती चहाला नवे कोंब फुटलेले असतात.